टाळेबंदीचे अर्थकारण आणि महाराष्ट्र : एका वादाची चिकित्सा

सारांश

करोना महासाथीच्या काळात २०२० आणि २०२१ मध्ये महाराष्ट्रात लागू झालेल्या टाळेबंदीच्या आर्थिक परिणामांविषयी अर्थतज्ज्ञ, उद्योजक, व्यापारी संघटना आणि राज्यकर्ते यांच्यात तीव्र मतभेद झाले. प्रस्तुत लेखात या वादातील प्रमुख युक्तिवादांची आणि त्यांच्या आधारभूत आकडेवारीची चिकित्सा केली आहे. 'टाळेबंदीने किती नुकसान झाले?' या प्रश्नाभोवती वाद फिरत राहिल्यामुळे 'ते नुकसान कोणावर पडले आणि भरून देण्याची जबाबदारी कोणाची होती?' हा अधिक महत्त्वाचा प्रश्न मागे पडला, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

बीजशब्द : टाळेबंदी, स्थूल राज्य उत्पन्न, असंघटित क्षेत्र, स्थलांतरित कामगार, राज्य वित्तव्यवस्था.

१. प्रस्तावना

महाराष्ट्रात करोनाचा पहिला रुग्ण ९ मार्च २०२० रोजी पुण्यात आढळला. १३ मार्च रोजी राज्य शासनाने १८९७ चा साथरोग कायदा लागू केला. २३ मार्च रोजी राज्यभर संचारबंदी जाहीर होऊन जिल्ह्यांच्या सीमा बंद झाल्या. २४ मार्चच्या रात्री आठ वाजता पंतप्रधानांनी २१ दिवसांची देशव्यापी टाळेबंदी जाहीर केली आणि अवघ्या चार तासांनी, मध्यरात्रीपासून, ती अमलात आली. तिची मुदत वाढत वाढत ३१ मे पर्यंत गेली. जून २०२० पासून राज्यात 'पुनश्च हरिओम' या नावाने, म्हणजे टिळकांच्या प्रसिद्ध अग्रलेखाची आठवण जागवत, व्यवहार टप्प्याटप्प्याने खुले होऊ लागले. दुसरी लाट आली तेव्हा मात्र देशव्यापी टाळेबंदी झाली नाही. एप्रिल २०२१ मध्ये 'ब्रेक द चेन' या शीर्षकाखाली राज्याने स्वतःच निर्बंध घातले. १४ एप्रिलच्या रात्रीपासून कडक झालेले हे निर्बंध १ जूनपर्यंत लांबले आणि ७ जूनपासून पाच स्तरांच्या पद्धतीने शिथिल करण्यात आले.

या घटनाक्रमासाठी मराठीत रूढ झालेला 'टाळेबंदी' हा शब्द विचार करण्याजोगा आहे. २०२० पूर्वी मराठी वाचकाला हा शब्द मुख्यतः कामगार चळवळीच्या संदर्भात परिचित होता. संप कामगार करतात, टाळेबंदी मालक करतो, असा तो व्यवहार. औद्योगिक कलहाच्या कायद्यात टाळे लावणाऱ्यावर काही दायित्व येते. टाळेबंदी बेकायदा ठरली, तर त्या काळातील वेतनाचा प्रश्न मालकाला चुकवता येत नाही. २०२० मध्ये टाळे शासनाने लावले आणि एकाच वेळी कारखान्यांना, दुकानांना, शेतमालाच्या बाजारांना आणि रस्त्यांना लावले. ते लावण्यामागे सार्वजनिक आरोग्याचे सबळ कारण होते. तथापि टाळे लावणाऱ्याचे दायित्व कोणते, हा जुन्या शब्दात दडलेला प्रश्न नव्या अर्थासोबतही कायम राहिला. टाळेबंदीच्या आर्थिक परिणामांविषयीचा वाद याच प्रश्नाच्या आधारे तपासून पाहणे उचित ठरते.

२. वादाचे दोन पक्ष

वादातील पहिला पक्ष टाळेबंदीचे समर्थन करणारा होता. त्याच्या मांडणीनुसार जीव वाचला तरच जीविकेला अर्थ आहे. रुग्णालयांतील खाटा, प्राणवायू आणि मनुष्यबळ यांची सिद्धता करण्यासाठी वेळ मिळवणे अपरिहार्य होते. शिवाय टाळेबंदी केली नसती तरी रोगाच्या भीतीने बाजारपेठा ओस पडल्याच असत्या. म्हणून टाळेबंदीच्या खाती मांडला जाणारा तोटा हा वस्तुतः महासाथीचा तोटा होय, असा या पक्षाचा निष्कर्ष होता.

दुसऱ्या पक्षाचे म्हणणे नेमके उलट होते. पुण्यातील उद्योगपती राजीव बजाज यांनी जून २०२० च्या आरंभी जाहीर चर्चेत असे मत मांडले की, सपाट करायची होती रोगाची वक्ररेषा, प्रत्यक्षात सपाट झाली ती राष्ट्रीय उत्पन्नाची. एप्रिल २०२१ मध्ये राज्यातील व्यापारी संघटनांनी याच धर्तीवर निर्बंधांना विरोध केला. दुकानदाराला बंदी आणि कारखान्याला मुभा, हा भेद कोणत्या निकषावर केला, असा त्यांचा सवाल होता. दुकान बंद असले तरी भाडे, कर्जाचे हप्ते, वीजबिल आणि नोकरांचे पगार थांबत नाहीत, हे त्यांचे गाऱ्हाणे निराधार नव्हते.

या दोहोंच्या गदारोळात तिसरा सूर क्षीण राहिला. रिझर्व्ह बँकेचे माजी गव्हर्नर रघुराम राजन यांनी एप्रिल २०२० च्या अखेरीस गरिबांना तातडीची मदत पोहोचवण्यासाठी सुमारे ₹६५ हजार कोटी लागतील, असा अंदाज मांडला होता. ज्याँ द्रेझ यांच्यासारखे अभ्यासक सार्वजनिक वितरण व्यवस्था आणि रोजगार हमी यांच्या विस्ताराचा आग्रह धरत होते. टाळेबंदी करावी की करू नये, यापेक्षा ती कोणत्या तरतुदीसह करावी, हा या मंडळींचा प्रश्न होता.

पहिले दोन पक्ष परस्परविरोधी दिसत असले तरी त्यांचे एक गृहीतक समान होते. दोघेही नुकसान ही एक अखंड बेरीज मानतात. एक पक्ष ती बेरीज महासाथीच्या नावे लिहितो, दुसरा टाळेबंदीच्या. बेरजेच्या आत कोणाचा किती हिस्सा आहे, हे पाहण्याची गरज दोघांनाही फारशी वाटली नाही.

३. राज्य उत्पन्नाचा आकडा आणि त्याच्या मर्यादा

वादातील सर्वांत अधिक उद्धृत झालेला आकडा 'महाराष्ट्राची आर्थिक पाहणी २०२०-२१' मधील आहे. मार्च २०२१ मध्ये विधिमंडळास सादर झालेल्या या पाहणीत राज्याची अर्थव्यवस्था २०२०-२१ मध्ये ८.० टक्क्यांनी आकुंचन पावेल, असे पूर्वानुमान होते. उद्योग क्षेत्रात ११.३ टक्के आणि सेवा क्षेत्रात ९.० टक्के घट अपेक्षित होती. कृषी व संलग्न क्षेत्रात मात्र ११.७ टक्के वाढ अपेक्षित होती. टाळेबंदीच्या विरोधकांनी उणे आठचा आकडा पुढे केला. समर्थकांनी शेतीचा आकडा दाखवून राज्याचा पाया शाबूत असल्याचा निर्वाळा दिला.

या आकड्याविषयी चार गोष्टी ध्यानात घ्याव्या लागतात.

पहिली गोष्ट, तो पूर्वानुमानाचा आकडा होता. राष्ट्रीय पातळीवर असे अंदाज किती बदलतात, हे पाहिले म्हणजे त्यावर उभ्या राहिलेल्या निष्कर्षांचे कच्चेपण ध्यानात येते. २०११-१२ या आधारवर्षाच्या मालिकेत भारताच्या २०२०-२१ मधील स्थूल देशांतर्गत उत्पन्नातील घट फेब्रुवारी २०२१ मध्ये ८.० टक्के, मे २०२१ मध्ये ७.३ टक्के, जानेवारी २०२२ मध्ये ६.६ टक्के आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये ५.८ टक्के अशी सांगितली गेली. दोन वर्षांत एकाच घटनेचे मोजमाप दोन टक्क्यांहून अधिक सरकले. ज्या वेळी वाद सर्वाधिक तापलेला होता, त्या वेळी आकडा सर्वाधिक अस्थिर होता.

दुसरी गोष्ट असंघटित क्षेत्राची. फेरीवाला, घरकामगार, रिक्षाचालक, छोट्या गाळ्यातील कारागीर यांच्या उत्पन्नाचे त्या काळात दरवर्षी थेट मोजमाप होत नव्हते. जुन्या पाहण्यांतील पायाभूत आकडे आणि संघटित क्षेत्राची गती दर्शवणारे निर्देशक यांच्या साहाय्याने त्याचा अंदाज बांधला जात असे. सामान्य वर्षात ही पद्धत चालून जात असे, कारण दोन्ही क्षेत्रे ढोबळमानाने एका दिशेने जातात. टाळेबंदीत हेच गृहीतक मोडले. मोठ्या कंपनीने घरून काम सुरू ठेवले, त्याच वेळी तिच्या फाटकाबाहेरची चहाची टपरी बंद पडली. कंपनीच्या ताळेबंदावरून टपरीचा अंदाज बांधल्यास नुकसान कमी दिसणे स्वाभाविक आहे. राज्याच्या बाबतीत आणखी एक अडचण असते. खासगी निगम क्षेत्राचे उत्पन्न राष्ट्रीय पातळीवर काढून ते निर्देशकांच्या आधारे राज्यांत वाटले जाते. परिणामी राज्याच्या आकड्यात त्या राज्याचे स्वतःचे अनुभवविश्व अपुरे उमटते.

तिसरी गोष्ट सीमेची. स्थूल राज्य उत्पन्न हे राज्याच्या हद्दीत झालेल्या उत्पादनाचे माप आहे. मुंबई, ठाणे, भिवंडी, पुणे किंवा नाशिक येथे राबणारा उत्तर प्रदेशातील वा बिहारमधील कामगार काम थांबताच गावी गेला, की त्याच्या बेकारीची झळ महाराष्ट्राच्या हिशेबात उमटत नाही. ती गोरखपूर वा दरभंग्याच्या घरात, न आलेल्या मनिऑर्डरीच्या रूपाने उमटते. राज्याच्या अर्थव्यवस्थेची सीमा आणि राज्याची प्रशासकीय सीमा या एक नव्हेत. 'राज्याचे नुकसान' हा शब्दप्रयोग वादात वारंवार झाला, परंतु राज्य म्हणजे कोण, हे कोणी स्पष्ट केले नाही.

चौथी गोष्ट शेतीच्या वाढीची. २०२० चा पावसाळा चांगला झाला आणि स्थिर किमतींनुसार मोजलेले कृषी उत्पादन वाढले. परंतु उत्पादन वाढणे आणि शेतकऱ्याच्या हाती पैसा येणे यांत अंतर आहे. हॉटेले, मिठाईची दुकाने आणि समारंभ बंद झाल्याने दुधाची मागणी घटली. लिटरला ₹३० च्या आसपास असलेला गाईच्या दुधाचा दर अनेक ठिकाणी ₹२० च्या घरात आला आणि जुलै-ऑगस्ट २०२० मध्ये राज्यात दूध आंदोलने झाली. शासनाने अतिरिक्त दूध खरेदी करून भुकटी करण्याची योजना आखली, तीही दर सावरण्यास अपुरी पडली. त्यातच १४ सप्टेंबर २०२० रोजी केंद्राने कांद्याच्या निर्यातीवर बंदी घातली. तिचा टाळेबंदीशी थेट संबंध नव्हता, परंतु त्या वर्षीच्या शेतकऱ्याच्या जमाखर्चातून ती वगळता येत नाही. अधिक अकरा टक्क्यांच्या आकड्यात यांपैकी काहीच दिसत नाही.

४. भीती की आदेश?

आर्थिक व्यवहार शासनाच्या आदेशाने थांबले की लोकांच्या भीतीने, हा या वादातील सैद्धान्तिक गाभा आहे. यासंबंधी परदेशातील दोन अभ्यास पुष्कळ चर्चिले गेले. ऑस्टन गुल्सबी आणि चॅड सिव्हर्सन यांनी अमेरिकेतील भ्रमणध्वनींच्या ठावठिकाण्यांवरून ग्राहकांच्या ये-जेचा अभ्यास केला. ही ये-जा सुमारे ६० टक्क्यांनी घटली होती, परंतु त्यांपैकी जेमतेम ७ टक्के-अंकांची घट शासकीय निर्बंधांमुळे झाली होती, असे त्यांना आढळले. डेन्मार्कने टाळेबंदी केली आणि शेजारच्या स्वीडनने ती बव्हंशी टाळली. बँक व्यवहारांवर आधारित अभ्यासात डेन्मार्कमधील ग्राहकखर्च सुमारे २९ टक्क्यांनी आणि स्वीडनमधील सुमारे २५ टक्क्यांनी घटलेला दिसला. या निष्कर्षांनी समर्थकांची बाजू बळकट केली.

महाराष्ट्राच्या इतिहासातही या युक्तिवादाला आधार सापडतो. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला तेव्हा कारखाने बंद ठेवण्याचा आदेश नव्हता. तरीही लाखो लोकांनी शहर सोडले, गिरण्यांना मजूर मिळेनासे झाले आणि एकमेकांचे मजूर पळवण्यासाठी गिरणीमालकांना रोजच्या रोज मजुरी चुकती करावी लागली. रोगाची आणि सक्तीच्या विलगीकरणाची भीती शहर रिकामे करण्यास पुरेशी होती. २०२० मध्ये लागू झालेला साथरोग कायदा त्याच प्लेगच्या काळात जन्मला.

तथापि या दोन प्रसंगांतील फरक साम्याइतकाच बोलका आहे. १८९६ मध्ये मजूर गेला तेव्हा काम होते आणि माणूस नव्हता, त्यामुळे मजुरी वाढली. २०२० मध्ये माणूस होता आणि काम नव्हते. तो शहर सोडून निघाला तो प्राधान्याने रोगाच्या भीतीने नव्हे, तर मजुरी थांबली आणि खोलीचे भाडे व अन्न यांची सोय उरली नाही म्हणून. १४ एप्रिल २०२० रोजी वांद्रे स्थानकाबाहेर जमलेल्या कामगारांची मागणी गावी जाऊ देण्याची होती. अमेरिकेतील वा डेन्मार्कमधील अभ्यासांचा विषय हातात बँकेचे कार्ड आणि गाठीशी काही बचत असलेला ग्राहक आहे. भीतीपोटी घरी थांबणे त्याला परवडते. रोजंदारीवरील माणसाला भीती वाटत नाही असे नव्हे, परंतु त्या भीतीनुसार वागण्याची ऐपत त्याच्याकडे नसते. त्याच्या बाबतीत आदेशाचा वाटा भीतीपेक्षा पुष्कळ मोठा असणार. म्हणून परदेशी निष्कर्ष महाराष्ट्राला जसाच्या तसा लावणे पद्धतिशास्त्राच्या दृष्टीने सदोष ठरते.

महाराष्ट्रापुरती अधिक उपयुक्त तुलना २०२० आणि २०२१ यांची आहे. राज्यात करोनाने झालेल्या नोंदलेल्या मृत्यूंची एकूण संख्या सुमारे १ लाख ४८ हजार आहे. त्यांपैकी २०२० च्या अखेरपर्यंतचे मृत्यू सुमारे ५० हजार होते. म्हणजे रोगाचा कहर २०२१ मध्ये अधिक होता. नुकसान केवळ रोगामुळे झाले असते तर दुसऱ्या लाटेचा आर्थिक आघात मोठा असावयास हवा होता. प्रत्यक्षात देशातील वस्तू व सेवा कराचे मासिक संकलन एप्रिल २०२० मध्ये ₹३२,१७२ कोटींपर्यंत कोसळले होते. दुसऱ्या लाटेनंतरचा त्याचा नीचांक जून २०२१ मधील ₹९२,८४९ कोटी इतका होता. २०२० मध्ये विवरणपत्रांच्या मुदती शिथिल होत्या, हे जमेस धरूनही ही तफावत मोठी आहे. २०२१ मधील निर्बंधांत निर्यातप्रधान व अत्यावश्यक उद्योग, कामाच्या जागी मजुरांची सोय असलेली बांधकामे, मालवाहतूक आणि शेतीची कामे यांना वाव होता आणि आदेशाला पूर्वसूचना होती. यावरून आघाताचे प्रमाण रोगाच्या तीव्रतेपेक्षा बंदीच्या रचनेवर अधिक अवलंबून होते, असे म्हणण्यास जागा आहे. अनुभवातून आलेले शहाणपण, जागतिक मागणीतील सुधारणा आणि लसीकरणाचा आरंभ यांचाही त्यात हात होता, म्हणून हा निष्कर्ष मर्यादेतच स्वीकारला पाहिजे.

पुढील वर्षाच्या पाहणीत २०२१-२२ साठी १२.१ टक्के वाढीचे पूर्वानुमान आले, तेव्हा 'भरपाई झाली' असा सूर उमटला. त्या दोन अंदाजांचे गणित मांडून पाहिल्यास १०० चे ९२ आणि ९२ चे सुमारे १०३ होतात. म्हणजे दोन वर्षांनंतर अर्थव्यवस्था मूळ स्थानाच्या जेमतेम तीन टक्के पुढे होती. वार्षिक पाच टक्क्यांची साधी वाढ झाली असती तरी ती ११० वर पोहोचली असती.

५. भार कोणावर पडला?

मुंबईत जुलै २०२० मध्ये नीती आयोग, बृहन्मुंबई महानगरपालिका आणि टाटा मूलभूत संशोधन संस्था यांनी माटुंगा, चेंबूर पश्चिम आणि दहिसर या तीन प्रभागांत रक्तातील प्रतिपिंडांचे सर्वेक्षण केले. झोपडपट्ट्यांतील सुमारे ५७ टक्के आणि इतर वस्त्यांतील सुमारे १६ टक्के व्यक्तींत प्रतिपिंडे आढळली. हा निष्कर्ष आरोग्यशास्त्राच्या चर्चेत वारंवार आला, परंतु आर्थिक वादात त्याचा व्हावा तितका उपयोग झाला नाही. 'घरी राहा' हा आदेश पाळण्यासाठी स्वतंत्र खोली, स्वतंत्र शौचालय आणि नळाचे पाणी असलेले घर लागते. ज्याच्याकडे ते होते, त्याला टाळेबंदीने संसर्गापासून बऱ्याच अंशी वाचवले आणि त्याचा पगारही बहुधा चालू राहिला. ज्याच्याकडे ते नव्हते, त्याची मजुरी बुडाली आणि संसर्गही टळला नाही. टाळेबंदीचा लाभ एका घरात आणि तिची किंमत दुसऱ्या घरात, अशी ही विभागणी होती. जीव की जीविका, या द्वंद्वात दोन्ही गमावणाऱ्या या वर्गासाठी जागाच नव्हती.

उपनगरी रेल्वेचा दाखला याच दिशेने जातो. महासाथीपूर्वी मुंबईच्या लोकलमधून रोज सुमारे ७५ ते ८० लाख प्रवासी ये-जा करीत. मार्च २०२० मध्ये ती सर्वांसाठी बंद झाली. जूनच्या मध्यापासून अत्यावश्यक सेवेतील कर्मचाऱ्यांना, ऑक्टोबरमध्ये महिलांना आणि १ फेब्रुवारी २०२१ पासून ठरावीक वेळांत सर्वांना प्रवासाची मुभा मिळाली. एप्रिलमध्ये ती पुन्हा गेली. १५ ऑगस्ट २०२१ पासून लसीच्या दोन्ही मात्रा घेतलेल्यांना प्रवास खुला झाला. या काळात कागदोपत्री दुकाने आणि कार्यालये अनेकदा उघडी होती. परंतु विरार, कल्याण वा पनवेल येथून येणाऱ्या विक्रेत्याला, कारकुनाला वा घरकामगार स्त्रीला तेथवर पोहोचण्याचे परवडणारे साधन नव्हते. आदेशांच्या तारखांवरून टाळेबंदीचा काळ मोजणाऱ्या अभ्यासांत ही अप्रत्यक्ष टाळेबंदी निसटते.

ग्रामीण भागात हाच प्रश्न ऊसतोड कामगारांच्या रूपाने समोर आला. गळीत हंगाम संपत असताना जिल्ह्यांच्या सीमा बंद झाल्या आणि बीड, अहमदनगर आदी जिल्ह्यांतील एक लाखाहून अधिक कामगार पश्चिम महाराष्ट्रातील कारखान्यांच्या परिसरात अडकले. एप्रिलच्या मध्यानंतर त्यांना परतण्याची परवानगी मिळाली. परप्रांतीय मजुरांसाठी श्रमिक विशेष गाड्या १ मे २०२० पासून सुरू झाल्या. ८ मे रोजी पहाटे करमाडजवळ रुळांवर झोपी गेलेले १६ मजूर मालगाडीखाली मृत्युमुखी पडले. जालन्याच्या पोलाद कारखान्यात काम करणारे हे मध्य प्रदेशातील मजूर भुसावळहून गाडी मिळेल या आशेने रुळांच्या कडेने पायी निघाले होते. गाड्या सुरू होऊन आठवडा झाला होता, परंतु त्यांच्यापर्यंत ती सोय पोहोचली नव्हती. अशा घटना राज्य उत्पन्नाच्या कोणत्याही रकान्यात येत नाहीत.

वेतनाच्या दायित्वाचा प्रश्न न्यायालयातही गेला. २९ मार्च २०२० च्या आदेशाने केंद्रीय गृहमंत्रालयाने टाळेबंदीच्या काळातील पूर्ण वेतन देण्यास मालकांना सांगितले होते. १८ मे पासून तो आदेश मागे घेण्यात आला. १२ जून रोजी सर्वोच्च न्यायालयाने मालकांवर सक्तीची कारवाई न करता वाटाघाटीतून मार्ग काढण्यास सांगितले. बंद पडलेला छोटा कारखानदार पूर्ण वेतन कोठून देणार, हा मालकांचा प्रश्न रास्त होता. कामगार तोवर काय खाणार, हा प्रश्नही तितकाच रास्त होता. टाळे शासनाचे असताना त्याचा भार या दोघांनीच आपसांत वाटून घ्यावा, असा या घडामोडींचा व्यावहारिक अर्थ झाला.

६. राज्याची तिजोरी आणि मदतीचे गणित

शासनाने अधिक द्यावयास हवे होते, असे म्हणताना राज्याच्या तिजोरीची अवस्था दृष्टीआड करता येत नाही. ४ मे २०२० च्या शासन निर्णयाने त्या वर्षीचा विकासखर्च अर्थसंकल्पीय तरतुदीच्या ३३ टक्क्यांपर्यंत सीमित केला, नव्या योजना थांबवल्या आणि नव्या पदभरतीवर बंदी घातली. आरोग्य, वैद्यकीय शिक्षण, अन्न व नागरी पुरवठा, मदत व पुनर्वसन अशा विभागांना प्राधान्य मिळाले. उच्च शिक्षण त्या यादीत नव्हते. महाविद्यालयांतील रिक्त पदांचा प्रश्न त्यामुळे आणखी लांबला. तासिका तत्त्वावरील अध्यापकांचे मानधन प्रत्यक्ष घेतलेल्या तासांवर अवलंबून असल्याने वर्ग बंद होताच त्यांच्या मिळकतीचा आधार डळमळीत झाला. सुशिक्षित असणे म्हणजे संघटित क्षेत्रात असणे नव्हे, हे या निमित्ताने अध्यापक वर्गातही प्रत्ययास आले.

वस्तू व सेवा कराच्या व्यवस्थेत राज्यांचे कर लावण्याचे अधिकार आधीच आकसलेले होते. भरपाईच्या रकमेवरून केंद्र आणि राज्ये यांच्यात ऑगस्ट ते ऑक्टोबर २०२० या काळात वाद झाला आणि अखेर केंद्राने ₹१.१० लाख कोटींचे कर्ज उभारून ते राज्यांना देण्याचे मान्य केले. राज्यांची कर्जमर्यादा स्थूल राज्य उत्पन्नाच्या ३ टक्क्यांवरून ५ टक्के झाली, परंतु वाढीव दोन टक्क्यांपैकी केवळ अर्धा टक्का विनाअट होता. २०२० मध्ये बंदीचा निर्णय केंद्राचा होता. २०२१ मध्ये तो राज्याचा होता, आणि टाळेबंदी हा शेवटचा पर्याय मानावा, असा सल्ला पंतप्रधानांनी २० एप्रिल रोजी राज्यांना दिला. दोन्ही वेळा कर्ज काढण्याची मोठी क्षमता मात्र केंद्राकडेच होती. बंद करण्याचा अधिकार आणि भरपाई देण्याची कुवत वेगवेगळ्या हाती असणे, हा या प्रकरणातील संस्थात्मक दोष होय.

या चौकटीत १३ एप्रिल २०२१ रोजी राज्याने सुमारे ₹५,४७६ कोटींचे साहाय्य जाहीर केले. अन्नसुरक्षा योजनेतील सुमारे सात कोटी लाभार्थ्यांना मोफत धान्य आणि शिवभोजन थाळी विनामूल्य, या त्यातील तरतुदी निश्चितच मोलाच्या होत्या. देशातील अन्य कित्येक राज्यांच्या तुलनेत, निर्बंधांसोबतच मदत जाहीर करण्याची ही पद्धत पुढचे पाऊल मानावी लागेल. रोख मदतीचे गणित मात्र निराळे आहे. नोंदणीकृत बांधकाम कामगार, फेरीवाले आणि परवानाधारक रिक्षाचालक यांना प्रत्येकी ₹१,५०० जाहीर झाले. निर्बंध पंधरा दिवसांचे होते तेव्हा ही रक्कम दिवसाला ₹१०० होत होती. निर्बंध सुमारे ४८ दिवस चालल्यावर ती दिवसाला सुमारे ₹३१ वर आली. त्याच वर्षी महाराष्ट्रात रोजगार हमीवरील अकुशल मजुरीचा दर ₹२४८ होता. निर्बंधांची मुदत वाढते तशी मदतही वाढावी, अशी कोणतीही तजवीज नव्हती.

त्याहून महत्त्वाचा शब्द 'नोंदणीकृत' हा आहे. ज्याची नोंद आहे, त्यालाच साहाय्य मिळणार. नाक्यावर उभा राहणारा मजूर, परवाना नसलेला फेरीवाला, दुसऱ्याच्या परवान्यावर रिक्षा चालवणारा चालक, ज्यांना निर्बंधांची झळ सर्वाधिक बसली, तेच बहुधा नोंदीबाहेर होते. असंघटित कामगारांच्या राष्ट्रीय नोंदणीसाठी ई-श्रम हे संकेतस्थळ ऑगस्ट २०२१ मध्ये, म्हणजे दोन्ही लाटा ओसरल्यावर, सुरू झाले. जी माणसे राज्य उत्पन्नाच्या मोजमापात अंदाजाने धरली जात होती, तीच मदतीच्या यादीतून निसटली, हा योगायोग नव्हे. दोहोंचे मूळ एकाच अज्ञानात आहे.

७. समारोप

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात. एक, राज्य उत्पन्नातील घटीचा आकडा टाळेबंदी योग्य होती की अयोग्य, हे सिद्ध करण्यास असमर्थ आहे. तो अस्थिर आहे, असंघटित क्षेत्र अंदाजाने धरतो आणि राज्याबाहेर गेलेले नुकसान मोजत नाही. दोन, भीती आणि आदेश यांच्या परिणामांची फोड करणारे परदेशी निष्कर्ष रोजंदारीवर जगणाऱ्या समाजाला सरसकट लावता येत नाहीत. तीन, २०२० आणि २०२१ यांची तुलना बंदीच्या रचनेचे आणि पूर्वसूचनेचे महत्त्व दर्शवते. चार, टाळेबंदीचा लाभ आणि तिचा भार समाजाच्या वेगवेगळ्या थरांवर पडला आणि भरपाईची यंत्रणा त्या विषमतेला पुरी पडली नाही.

टाळेबंदी पूर्णतः टाळता आली असती, असा या चिकित्सेचा अर्थ नाही. मार्च २०२० मध्ये उपलब्ध ज्ञान अल्प होते आणि रुग्णालयांची सिद्धता त्याहून अल्प. परंतु निर्णय अपरिहार्य असला म्हणून त्याच्या खर्चाची वाटणीही अपरिहार्य ठरत नाही. पुढील आपत्ती साथीचीच असेल असे नाही. पूर, उष्णतेची लाट किंवा शहरांतील विषारी हवा यांमुळेही काही काळ व्यवहार थांबवण्याची वेळ येऊ शकते. त्यासाठी बंदीच्या आदेशातच मजुरीशी निगडित आणि मुदतीनुसार वाढणाऱ्या साहाय्याची तरतूद, स्थलांतरितांसह असंघटित कामगारांची आगाऊ नोंद, जिल्हानिहाय रोजगाराची नियमित आकडेवारी आणि केंद्र व राज्य यांच्यात खर्चाच्या वाटणीचे पूर्वनिश्चित सूत्र यांची आवश्यकता आहे. यांतील जिल्हानिहाय माहितीच्या कामात महाविद्यालयांतील अर्थशास्त्र, समाजशास्त्र आणि भूगोल विभागांना प्रत्यक्ष वाटा उचलता येईल. आपल्या तालुक्यातील किती कुटुंबे २०२० मध्ये परत आली, किती पुन्हा गेली आणि किती कर्जबाजारी झाली, याच्या नोंदी आजही विखुरलेल्या आहेत. त्या गोळा झाल्याशिवाय हा वाद आकड्यांचा राहील, माणसांचा होणार नाही.